लिनेओची आई

मालिनेओचा जळफळाट पाहायचा असेल, तर तिच्यासमोर दुसऱ्या कुणाच्या काढ्याची स्तुती करावी. खांद्यावरची घोंगडी उगाच सारखी करते, तिची मोठी पिन काढते, पुन्हा लावते, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणते, "हो, चांगला असतो म्हणे त्यांचा काढा. माणूस जातो, पण खोकला नक्की थांबतो."

हा-मोखोबीतल्या बायका हे ऐकायला मुद्दाम दुसऱ्यांची स्तुती करत. गावाला करमणूक थोडी, आणि मालिनेओची जीभ फुकट होती. पण रात्री पोराला धाप लागली की याच बायका तिच्याच दारात उभ्या असत. पोटाला, खोकल्याला, बाळंतिणीच्या दुधाला, म्हाताऱ्यांच्या सांध्यांना काय लागते ते तिला ठाऊक होते. लेंगानाचा करडा, कडूजहर पाला तर तिच्या झोपडीच्या आढ्याला कायम टांगलेला असे. आत पाऊल टाकले की आधी तोच नाकात शिरायचा. ही विद्या तिने माहेरच्या आजीकडून घेतली होती. सासरी आणण्यासारखे तेवढेच तिच्याजवळ होते.

माहेरचे नाव काही तिला आणता आले नाही. ते आमच्या डोंगरात कुणालाच आणता येत नाही. लग्न होऊन मुलगी आली की मेंढी कापतात, तिला नवी घोंगडी पांघरतात आणि सासू तिला नाव देते. ते नावही तिचे नसते, तिच्या व्हायच्या पहिल्या मुलाचे असते. हिच्या सासूला पहिली नात हवी होती, लिनेओ नावाची. म्हणून ही लिनेओची आई, मालिनेओ. पोटात काही नाही, नवरा दोन आठवड्यांत सोन्याच्या खाणीवर परत जाणार, आणि ही दारातच आई झालेली.

लिनेओ काही आली नाही. मोलेफी नाताळला यायचा, ईस्टरला यायचा, खोकत यायचा आणि खोकत जायचा. पहिली काही वर्षे चर्चमधल्या बायका तिच्या पोटाकडे बघत, मग चेहऱ्याकडे बघू लागल्या, मग बघेनाशा झाल्या. अख्ख्या खोऱ्याला औषध देणाऱ्या बाईने स्वतःवर एकही पाला करून बघायचा सोडला नाही. आजीने सांगितलेले झाले, न सांगितलेले झाले. आणि दिवसभर जो तो तिला हाक मारत होता: लिनेओची आई, जरा बघ गं याला काय झालंय.

तिसऱ्या वर्षी धाकट्या दिराचे लग्न झाले. जाऊ आली. ठेंगणी, गोलमटोल, हसली की दोन्ही गालांना खळ्या. सासूने तिला नाव दिले मासेचाबा, आणि वर्ष उलटायच्या आत सेचाबा जन्माला आला. जणू पोर कुंपणापाशी उभेच होते, आई कधी येते याची वाट बघत. त्यानंतर आणखी चार झाली. मासेचाबाला बाळंतपण म्हणजे शिंक आल्यासारखे होते. मालिनेओनेच तिची सगळी बाळंतपणे केली, तिच्या दुधासाठी मुळ्या उकळल्या, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन भांडी आपटली.

दुसऱ्या खेपेला मुलगी झाली, तेव्हा सासूने एक गोष्ट मनात आणली. बाई कडक होती, पण दुष्ट नव्हती. ती म्हणाली, हिचे नाव लिनेओ ठेवू, अंगावरून सुटली की थोरलीच्या झोपडीत निजू दे, तिथेच वाढू दे. अशी पोरे आमच्याकडे या चुलीवरून त्या चुलीवर जातात, त्यात नवल काही नाही. मासेचाबा पोरीला छातीशी धरून उभी होती आणि तिने होकाराची मानही हलवली होती. मालिनेओ म्हणाली, नको. माझी येईल तेव्हा तिला काय नाव देऊ? तेव्हा पोरीचे नाव न्थाबिसेंग ठेवले गेले. पुढे सासू गेली, मोलेफीही खाणीची धूळ छातीत घेऊन गेला, लिनेओ यायचा प्रश्न मिटला. तरी त्या घरात कुणी ते नाव कुठल्या पोरीला ठेवले नाही. दोनदा विषय निघाला, आणि दोन्ही वेळा मालिनेओ अशी काही बघत राहिली की विषय काढणाऱ्याने पाणी मागून घेतले.

मालिनेओची पन्नाशी उलटली, आणि विद्यापीठातून रेफिलोए आली.

रेफिलोए सखल भागातली. झाडपाल्यावर अभ्यास करणारी, डोक्याला रुमाल, पायात मोठाले बूट, घोड्यावर बसता येत नाही पण पडताही येत नाही अशी. डोंगरावरची खोकल्याची औषधे शोधायला तिला पाठवले होते. गावच्या मुखियाने तिला मालिनेओच्या दारात आणून सोडले. पहिल्याच दिवशी दोघींचे वाजले. रेफिलोएने एक रोप मुळासकट उपटायला हात घातला आणि मालिनेओने तिच्या हातावर चापट मारली.

मालिनेओच्या आजीचा नेम असा होता. रोपाजवळ जाताना आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. आधी त्याला, वाटेत माणूस भेटला की म्हणतात तसे काही म्हणायचे. मग आजारी कोण आणि त्याला काय होते ते खरे खरे सांगायचे, आणि मगच खणायचे लोखंड लावायचे. ज्याच्या नावाने खणले, त्याच्याच पोटात ते गेले पाहिजे. कुणी आजारी नसताना खणायचे नाही.

"कोण आजारी आहे?" मालिनेओने विचारले.

"कुणीच नाही, मे," रेफिलोए म्हणाली. मे म्हणजे आई, सगळ्याच मोठ्या बायकांना म्हणतात तसे. "मला वाळवून कागदात ठेवायचंय."

मालिनेओ रोपाकडे वळली आणि म्हणाली, "ही रेफिलोए. हिला सगळं माहीत करून घ्यायचा आजार आहे. लहानपणापासून आहे, आता काही बरा होत नाही." आणि लोखंड तिच्या हातात दिले.

तेव्हापासून रेफिलोए प्रत्येक रोपापुढे आपला आजार सांगू लागली. आधी हसत, मग न हसता.

दर उन्हाळ्यात, फुलांच्या दिवसांत ती येई, मालिनेओच्या झोपडीत राही. दोघी पहाटे निघत, दोन फळ्यांमध्ये जुनी वर्तमानपत्रे घातलेला, रोपे वाळवायचा दाब आळीपाळीने पाठीवर घेत. घरी आल्यावर ओले कागद काढून कोरडे घालायचे काम मालिनेओ कुणालाही करू देत नसे. प्रत्येक वाळक्या रोपाखाली रेफिलोए चिठ्ठी लिही: कुठे सापडले, कशाजवळ उगवले होते, कुणी गोळा केले, आणि शेवटी, सोबत मालिनेओ. ती चिठ्ठी मालिनेओ रोज वाचून घ्यायची. तिला वाचता येत होते, पण रेफिलोएच्या तोंडून ऐकायला बरे वाटे.

तिला मुलगी मिळाली असे कुणी म्हटले असते तर तिने त्याला झोपडीबाहेर काढले असते. पण रेफिलोए मासेचाबाकडे जेवायला गेली की मालिनेओचे डोके दुखायचे, एवढे खरे. मासेचाबाच्या हातच्या मक्याच्या घट्ट उकडीला आणि भाजीला चव होती. मालिनेओ सगळेच काढ्यासारखे शिजवत असे. "जा, जा," ती म्हणायची, "तिच्याकडे मीठ जास्त असतं, पण तरुणपणी चालतं."

मग गुडघा गेला. एका हिवाळ्यात बर्फावर पाय घसरला आणि सूज उतरलीच नाही. सांध्यांची औषधे सगळ्या गावाला लागू पडली, तिला पडली नाहीत. त्या उन्हाळ्यात रेफिलोए आली, तेव्हा मालिनेओला गोठ्यापर्यंत जाणेही जड जात होते. दाब उचलायला कुणीतरी हवे होते, आणि मासेचाबा म्हणाली, मी जाते की, मला काय, पोरं मोठी झाली, घरात बसून तरी काय करायचंय.

मासेचाबाला झाडपाल्यातले काही म्हणता काही कळत नव्हते. लेंगाना आणि रानातले कुठलेही करडे झुडूप तिला सारखेच. मालिनेओने दारात बसून तिला सूचना दिल्या, कागद ओले करू नकोस, मुळं तोडू नकोस, तोंड बंद ठेव. पहिल्या दोन गोष्टी मासेचाबाने पाळल्या. संध्याकाळी दोघी परत यायच्या त्या हसत. आवाज ओढ्यापलीकडूनच ऐकू यायचा. रेफिलोए मालिनेओबरोबर कधी एवढी हसली नव्हती. आपण डोंगरावर काय बोलत होतो ते मालिनेओ आठवून पाहू लागली, आणि तिला आठवले ते एवढेच की आपण तिला शिकवत होतो.

एका दुपारी गिधाडकड्याखाली मासेचाबा जरा आडोशाला गेली. लघवीला बसली. समोर खडकाच्या भेगेत बोटभर उंचीचे एक रोप होते, मांसल पानांचे, पिवळट फूल, घाणेरडा वास. ती रेफिलोएला म्हणाली, इकडे ये गं, हे काय घाणेरडं आहे बघ. रेफिलोए आली, बघत राहिली, आणि मग पोटावर आडवी झाली. त्यांना अशी पाच-सहाच रोपे दिसली, सगळी त्याच भेगेत. रेफिलोएने आपला आजार सांगितला आणि एक घेतले.

ही हकीगत मासेचाबाने घरोघर सांगितली, जागेसकट. मालिनेओने ती चार वेगवेगळ्या बायकांकडून ऐकली आणि चारही वेळा म्हणाली, "तिला तेवढंच एक काम धड जमतं."

मका काढून झाला होता, सकाळी गवतावर हिव पडू लागले होते, तेव्हा रेफिलोए अवेळी आली आणि सरळ मासेचाबाच्या अंगणात उतरली. मालिनेओला कुणीतरी बोलवायला आले, हेच आधी तिला लागले. अंगणात रेफिलोए सांगत होती की असे रोप आजवर कुणी नोंदले नव्हते. परदेशातल्या दोन मोठ्या संग्रहांत विचारून झाले. जगाला ते नवीन आहे. त्याला नाव द्यायचे आहे. पहिले नाव त्याच्या कुळाचे, ते ठरलेलेच, पण दुसरे नाव ज्याने शोधले त्याच्या नावावरून ठेवायची रीत आहे, आणि तिच्या वरिष्ठांनीही तसेच म्हटले आहे. फक्त फळ पाहिल्याशिवाय ते नाव पक्के करणार नाहीत. फळ धरायला अजून थोडे दिवस आहेत. तेव्हा ती परत येईल, तोवर गुराख्यांनी शेळ्या तिकडे नेऊ नयेत.

मासेचाबा खळ्या पाडून हसत होती. "माझं नाव?" ती म्हणाली. "त्या घाणेरड्याला?"

"कुठल्याही देशात कुणी ते रोप पाहिलं की त्याला हेच नाव घ्यावं लागेल, मे. आपण सगळ्या मेल्यावरसुद्धा."

मालिनेओने घोंगडी सारखी केली, पिन काढली, पुन्हा लावली. ती म्हणाली, फार चांगलं झालं. मग गुडघ्याचे निमित्त करून ती घरी आली, चुलीपुढे बसली, आणि चूल पेटवायची विसरली.

तिला जे वाटत होते त्याला आडपडदा नव्हता. आपण उभा जन्म या डोंगरावर घालवला, प्रत्येक पाल्याला नावानिशी ओळखले. गिधाडकड्याखाली आपण कितीदा गेलो असू. आणि ते रोप आपल्याला दिसले नाही, हिला दिसले, तेही बसल्या बसल्या. हिला पाच पोरे आहेत, नातवंडे आहेत, नवरा जिवंत आहे, स्वयंपाकाला चव आहे. आता हिला एक रोपही झाले. पुन्हा वर्षाच्या आत, पुन्हा शिंकेसारखे. आपल्याला चिठ्ठीच्या तळाशी 'सोबत'. अशा विचारांत ती दोन दिवस राहिली. दारात आलेल्या पोटदुखीच्या माणसाला तिने खोकल्याचे दिले.

तिसऱ्या दिवशी तिने खणायचे लोखंड घेतले आणि डोंगर चढू लागली. पाच-सहा रोपे, एक भेग. फळ नाही तर नाव नाही. यापलीकडे तिने काही ठरवले नव्हते आणि ठरवायची गरजही नव्हती.

त्या गुडघ्याने ती कशी चढली ते तिचे तिलाच ठाऊक. थोडे चालायचे, बसायचे, शिवी द्यायची, उठायचे. ऊन चांगले वर आले तेव्हा ती भेगेपाशी पोचली. फुले गळून गेली होती. त्यांच्या जागी हिरवी, टोकदार फळे धरली होती, नुकत्याच निघालेल्या शिंगांसारखी. तिने सवयीने सावली बाजूला घेतली. लोखंड टेकवले, आणि हात थांबला.

सांगायला हवे होते. आजारी कोण, आणि काय होतेय. असे न सांगता तिने जन्मात एक मूळ खणले नव्हते. माणसाशी ती सर्रास खोटे बोलायची, मरणाऱ्यालाही उद्या बरा होशील म्हणायची. पण रोपाशी खोटे बोलले की औषध लागत नाही, हे तिच्या हाडात होते.

"मालिनेओ आजारी आहे," ती म्हणाली. "मोलेफीची बायको." आजार काय ते तोंडातून निघेना. गुडघा, असे म्हणायला गेली आणि तिचे तिलाच हसू आले. गुडघ्यासाठी आलेली बाई एवढे चढेल कशाला.

मग ती म्हणाली, "जळतंय मला. फार वर्षं जळतंय. तिला सगळं आहे आणि आता तूही तिचंच. म्हणून आले."

आता अडचण वेगळीच झाली. आजार सांगून झाला, म्हणजे खणलेले तिलाच प्यावे लागणार होते. तिने एक पान नखाने चिरले. आतून दुधासारखा चीक आला. अशा चिकाची निम्मी रोपे आतडी सोलून काढतात, हे तिच्याइतके कुणाला माहीत असणार? चांगुलपणा वगैरे तिला काही सुचला नव्हता. ती घाबरली होती. आणि आजीचा नेम मोडून, खणून नुसते फेकून द्यायचे, हेही तिला जमेना. ती लोखंड मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

मासेचाबा आली ती धापा टाकत. खालच्या गोठ्यातून तिला चढणीवर घोंगडी दिसली होती. पाला आणायला निघालेली बाई पिशवीशिवाय जात नाही, आणि हिच्या पाठीला पिशवी नव्हती. तेवढ्यावरून ती काय ते समजली आणि निघाली. तिने लोखंड पाहिले, रोपे पाहिली, मोजल्यासारखी केली, आणि शेजारी बसली.

"खणायचं तर खण," ती म्हणाली. "पण मग हात धुवून घे. मागच्या खेपेला मी इथंच बसले होते."

मालिनेओला हसू आले, आणि हसू आले म्हणून आणखी राग आला.

"थोरल्या बाई," मासेचाबा म्हणाली, "माझ्याकडचं एवढं काय सलतं तुला? एकदा सांग तरी."

"तू कधी मागितलं नाहीस," मालिनेओ म्हणाली. "मी मागून मागून गुडघे झिजवले. तुला न मागता मिळालं. प्रत्येक वेळी. ते सलतं."

मासेचाबाने लोखंड उचलून आपल्या कमरेला खोचले आणि हात पुढे केला. उतरताना मालिनेओचे सगळे ओझे तिच्या खांद्यावर होते. वाटेत एक गुराखी भेटला. त्याने विचारले तेव्हा मासेचाबा म्हणाली, फळ धरलंय का ते बघायला आम्ही दोघी गेलो होतो.

रेफिलोए परत आली, डोंगरावर गेली, फळे घेऊन उतरली. संध्याकाळी मासेचाबाच्या अंगणात मंडळी जमली. मुखिया आला, चर्चमधल्या बायका आल्या, जवारीची बिअर केली होती, एक मेंढी कापली होती. मालिनेओ भिंतीला टेकून बसली होती. तिने यायचे टाळले असते, पण न आल्याने गावात काय बोलणे होईल ते तिला ठाऊक होते. रेफिलोएने कागद मांडीवर घेतला आणि म्हणाली, आता नाव लिहिते, मे मासेचाबा. तुमच्यावरून. मासेचाबाच लिहू, की नुसतं सेचाबा? की तुमच्या मनात आणखी काही आहे?

मासेचाबा चुलीवरच्या भांड्यात ढवळत होती. तिने ढवळणे थांबवले नाही.

"मला कशाला विचारतेस," ती म्हणाली. "नाव ठेवणं माझ्याकडे कधीच नव्हतं. माझ्या पाचही पोरांची नावं सासूनं ठेवली. ती गेली. आता या घरात थोरली मे मालिनेओ आहे. नाव ती ठेवेल."

ही रीत सगळ्यांनाच माहीत होती, फक्त रोपालाही ती लागू होईल हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. आणि कुठले नाव रिकामे पडले आहे तेही सगळ्यांना माहीत होते. चर्चमधल्या दोघी एकमेकींकडे बघून डोळे पुसायच्या तयारीला लागल्या. रेफिलोए मालिनेओकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत एवढी आशा होती की मालिनेओला कळून चुकले, ही जावेची मेहेरबानी आहे. जाणूनबुजून केलेली. तिने फक्त तोंड उघडायचे होते. लिनेओ. कागदावर, विद्यापीठात, परदेशातल्या मोठ्या संग्रहांत, आपण सगळ्या मेल्यावरसुद्धा.

पण मालिनेओच्या मनात लिनेओ होती, आणि ती नाव नव्हती. ती मुलगी होती. मालिनेओने तिला वाढवली होती. तिचे दात पडले होते, तिला गोवर आला होता, शाळेच्या वाटेवर ती एकदा ओढ्यात पडली होती. तिचे लग्न ठरेना म्हणून मालिनेओने काळजी केली होती आणि मग ते ठरले होते. अशी मुलगी खडकाच्या भेगेतल्या घाणेरड्या वासाच्या बोटभर रोपाला कशी द्यायची? आणि द्यायची ती कुणाच्या हातून? पुन्हा मासेचाबानेच जन्माला घातलेले, पुन्हा तिनेच उचलून मांडीवर ठेवलेले. सगळे अंगण वाट बघत होते, आणि मालिनेओच्या पोटात तीच जुनी आग होती, जराही कमी न झालेली.

"सेचाबा लिही," ती म्हणाली.

बायकांनी आनंदाचा चीत्कार काढला. मुखियाने टोपी काढली आणि मन मोठे असावे तर असे, यावर चार वाक्ये बोलला. रेफिलोए उठून तिच्या गळ्यात पडली. मालिनेओने सगळ्यांची स्तुती ऐकून घेतली. बिअरही घेतली. मोठे मन म्हणजे काय असते ते तिला ठाऊक नव्हते, पण मिळते आहे तर नाकारायचे कशाला?

मंडळी पांगली. रेफिलोए कागद गुंडाळून आत निजायला गेली. मासेचाबा राखेने भांडी घासत होती. मालिनेओ निघाली होती, तेवढ्यात ती वर न बघता म्हणाली,

"झुडपालासुद्धा नाही दिलंस."

मालिनेओ थांबली. "नाही."

"न्थाबिसेंगच्या वेळी मी फार रडले होते. तुला ठाऊक नाही. म्हटलं, माझं पोर हिला उष्टं वाटतं."

"पोर उष्टं नव्हतं गं," मालिनेओ म्हणाली. पुढे बोलावे की नाही ते तिला कळेना, पण बोलली. "नाव मोकळं नव्हतं. ती आहे ना. मी तिला मोठी होताना बघितलंय."

मासेचाबाने भांडे खाली ठेवले. हात घोंगडीला पुसले. चुलीजवळचा दगड तिने पायाने पुढे सरकवला, बसायला.

"दिसते कशी?" तिने विचारले.

हे आजवर तिला कुणी विचारले नव्हते. मालिनेओ गुडघा सांभाळत दगडावर बसली. तिने पिनेला हात लावला, पण काढली नाही.

"न्थाबिसेंगपेक्षा उंच आहे," ती म्हणाली.